पतीचा पगार, पत्नीचे अनुदान

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या पट्ट्यात दरमहा वीस-एकवीस हजार रुपये मिळवणाऱ्या कारखाना कामगाराच्या घराला शासनाच्या दोन व्यवस्थांचे नियम एकाच वेळी लागू होतात, आणि आश्रितांचा हक्क ठरवताना जोडीदाराच्या कमाईकडे पाहण्याची त्या दोहोंची रीत अगदी उलट आहे.

पहिली व्यवस्था म्हणजे जून 2024 मध्ये जाहीर झालेली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना. तिच्यात 21 ते 65 वर्षे वयाच्या पात्र स्त्रीच्या खात्यात दरमहा 1500 रुपये जमा होतात. परंतु पैसे तिच्या नावे येत असले, तरी पात्रता कुटुंबाच्या वार्षिक अडीच लाखांच्या उत्पन्नमर्यादेवर ठरते. येथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. त्यामुळे एकाच घरात राहणाऱ्या दिराचे उत्पन्न हिशेबात येत नाही, पतीचे मात्र येते, मग त्यातील किती पैसे पत्नीच्या हाती पडतात याची विचारपूस कोणी करत नाही. 2025 मध्ये लाभार्थींची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला, तो याच पडताळणीसाठी.

अडीच लाखांचे बारा भाग केले, तर महिन्याला सुमारे 20,833 रुपये होतात. ज्याचे वेतन 20,800 रुपये आहे, त्या कामगाराला शंभर रुपयांची पगारवाढ मिळाली, तर वर्षाला 1200 रुपये वाढतात, पण कुटुंब मर्यादेबाहेर गेल्याने पत्नीचे 18,000 रुपये नियमानुसार बंद होतात. ब्रिटनच्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मध्येही जोडीदाराची कमाई धरली जाते, परंतु तेथे ठरावीक सवलतीनंतरच्या प्रत्येक पौंडामागे 55 पेन्स कापले जातात, म्हणजे मदत पायरीपायरीने उतरते. महाराष्ट्रातील नियमाला अशी उतरण नाही. शिवाय पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट असल्याने एवढी काटेकोर मर्यादा प्रत्यक्षात जुन्या शिधापत्रिकेच्या रंगावर विसंबते, हे विसंगतच म्हणावे लागेल. पती सरकारी निवृत्तिवेतनधारक असेल, तर रक्कम कितीही अल्प असो, पत्नी अपात्र ठरते. आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्यांची वस्ती असलेल्या अंबरनाथमध्ये या अटीला विशेष अर्थ आहे.

दुसरी व्यवस्था कर्मचारी राज्य विमा योजनेची, जिचा पाया 1948 च्या कायद्याने घातला. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार तिच्या कक्षेत येतो, म्हणजे वर उल्लेखिलेल्या पगारवाढीनंतरही तो विमाधारकच राहतो. कामावरील अपघातात किंवा व्यावसायिक आजाराने त्याचा मृत्यू झाल्यास वेतनाच्या 90 टक्के दराने आश्रितलाभ काढला जातो, त्यातील तीन पंचमांश विधवेचा आणि दोन पंचमांश प्रत्येक पात्र अपत्याचा धरला जातो, आणि बेरीज पूर्ण दरापेक्षा अधिक झाल्यास सर्वांचे हिस्से त्या प्रमाणात घटतात. विधवा स्वतः नोकरी करत असली, तरी तिचा हिस्सा कमी होत नाही. तो थांबतो पुनर्विवाहाने. या भेदामागे कारण आहे: विमा वर्गणीतून उभा राहतो, म्हणून तेथे हक्क आधी येतो आणि गरज नंतर, तर अनुदान करातून दिले जात असल्याने गरज सिद्ध करावी लागते.

गरज मोजणे गैर नाही, परंतु शंभर रुपयांच्या वाढीसाठी अठरा हजारांचा फटका देणारी मोजणी सदोष आहे, आणि मर्यादेजवळ अनुदान टप्प्याटप्प्याने घटवण्याची तरतूद शासनाने करायला हवी.