हवा गाळणारे यंत्र घेताना
श्रोतेहो, सकाळी अंथरूण झटकले, की घरात कुणाला तरी सटासट शिंका येतात. मग हवा शुद्ध करणारे यंत्र आणावेसे वाटते. जरूर आणा, पण गाळणी ‘हेपा’ जातीची आहे ना, हे आधी पाहा. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. ती तासाला ५ वेळा गाळायची, तर खोक्यावरचा ‘सीएडीआर’ आकडा तासाला १७० घनमीटर तरी हवा. ओझोन सोडणारे यंत्र मात्र नको. दमेकऱ्याला ते बाधते. आणि धुळीतले सूक्ष्म किडे राहतात गादी-उशीत. ते काही उडून यंत्रात जायचे नाहीत! चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या कढत पाण्यात धुवा. यंत्राचा गुण तेव्हाच येईल.