अडीच फुटी रेल्वे घरच्या टेबलावर

लातूर-कुर्डुवाडी मार्गावर ‘औसा रोड’ नावाचे एक स्टेशन आहे. नावात औसा असले तरी औशाच्या वेशीपर्यंत रूळ कधी आले नाहीत. तरीही आपल्या भागातल्या घरांत रेल्वेचा विषय निघाला की साठीपुढची माणसे हमखास ‘बार्शी लाईट’चे नाव काढतात, आणि पोरे विचारतात, ‘ती कोणती?’ कुर्डुवाडी ते लातूर हा मार्ग २००८ साली पूर्णपणे रुंद झाला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांनी आपल्या जिल्ह्यातली अरुंद रुळांची गाडी पाहिलेलीच नाही. तिच्यात बसलेली माणसे आता घरोघरी एक-दोनच उरली आहेत.

म्हणून आम्ही घरच्या मंडळींनी एक काम हाती घेतले. दोघे भाऊ, तीन मुले आणि सल्ला द्यायला दादी, अशी आमची टोळी. या गाडीच्या वाघिणी, डबे आणि एक इंजिन छोट्या आकारात, पण मापाला धरून घरीच बनवायचे. जगभर हजारो लोक हा छंद करतात. कोणी कोऱ्या पुठ्ठ्यापासून, पितळेच्या पत्र्यापासून सगळे स्वतः घडवतो, तर कोणी बाजारातल्या तयार खेळण्यात फेरफार करून हवी ती गाडी उभी करतो. आम्ही वाघिणी पहिल्या रीतीने आणि इंजिन दुसऱ्या रीतीने केले. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

मूळ गाडी कशी होती?

बनवण्याआधी ओळख हवी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही रेल्वे उभी केली. १८८२ साली तो जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. मोठी लाईन बार्शी गावाला वगळून कुर्डुवाडीवरून गेली होती. त्या स्टेशनाचे नाव ‘बार्शी रोड’ पडले, पण बार्शीचा माल मात्र बैलगाड्यांनीच स्टेशन गाठत होता. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा २१ मैलांचा मार्ग सुरू झाला. १९०६ साली गाडी पंढरपूरला पोहोचली, १९११ साली त्या वेळच्या निजाम राज्यातल्या लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. एकूण मार्ग सुमारे २०२ मैलांचा झाला. १९५४ साली तो सरकारने ताब्यात घेतला.

दोन रुळांतले अंतर होते अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कॅलथ्रॉपची खरी हुशारी वजनाच्या वाटणीत होती. इंजिन असो की मालाची वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा त्याचा नियम होता. भार सगळीकडे सारखा वाटला गेल्यामुळे यार्डाला अवघ्या तीस पौंड वजनाचे हलके रूळही पुरले. इंजिनाचे वजनही असेच वाटावे लागले, म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्याने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांशी जोडलेली आठ चाके आणि मागे आणखी चार चाके होती. वाघिणींचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादाचे आणि सगळे एकाच मापाचे होते: २५ फूट लांब, ७ फूट रुंद. घरी बनवणाऱ्याला हे वरदानच आहे. एक सांगाडा जमला की उघडी वाघीण, बंद वाघीण, सगळे त्याच्यावरच उभे राहते.

हाच कॅलथ्रॉप अरबी घोड्यांचा मोठा शौकीन होता. घोड्यांवर त्याने पुस्तक लिहिले, आणि पुढे विमानातून उडी मारण्यासाठी एक पॅराशूटही तयार केले. इंग्लंडमध्ये त्याने लीक अँड मॅनिफोल्ड नावाची, अडीच फुटीच, एक छोटी रेल्वे बांधली. जेमतेम सव्वाआठ मैलांची ती लाईन १९०४ ते १९३४ अशी तीसच वर्षे चालली. पण तिथल्या हौशी लोकांनी तिची इंजिने आणि डबे इतक्या प्रेमाने छोट्या आकारात घडवले की नव्वद वर्षांपूर्वी बंद पडलेली ती गाडी आजही त्यांच्या टेबलांवर धावते. आपली लाईन शंभर वर्षांहून अधिक चालली. आषाढी-कार्तिकीला तिच्या टपावरही माणसे असत. लातूरच्या बाजाराचा माल तिनेच बाहेर नेला. तिची आठवण टिकवणे हे आपल्याशिवाय कोणाचे काम आहे?

आदमजी पीरभॉयांची माथेरान गाडी

अरुंद रुळांचा विषय निघाला की माथेरानला विसरून चालत नाही. नेरळ ते माथेरान ही डोंगरातली रेल्वे मुंबईचे व्यापारी आणि दानशूर गृहस्थ सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशातून उभी राहिली. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ते काम तडीस नेले. १९०४ साली बांधकाम सुरू झाले, १९०७ साली गाडी धावली आणि खर्च आला सुमारे सोळा लाख रुपये. या कामातही कॅलथ्रॉपचा सल्ला होता. इथे रुळांतले अंतर आणखी कमी, दोन फूट. वळणे इतकी तीव्र की साधे इंजिन अडकले असते. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्याच्या इंजिनांना टोकाचे आस असे दिले होते की वळणावर ते थोडे आडवे सरकत. एका मुस्लिम कुटुंबाने महाराष्ट्राला दिलेली ही देणगी आजही चालू आहे. आपल्या मुलांना ती नुसती ‘टॉय ट्रेन’ म्हणून ठाऊक असावी, हे पुरेसे नाही.

प्रमाण ठरवणे

आता कामाकडे येऊ. पहिला प्रश्न म्हणजे खरी गाडी किती पटींनी लहान करायची? बाजारात सहज मिळणाऱ्या खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. ती खेळणी मोठ्या लाईनच्या गाडीच्या ८७ पटींनी लहान केलेली असतात. आपली गाडी ४८ पटींनी लहान केली तर ७६२ भागिले ४८ म्हणजे जवळजवळ १६ मिलिमीटर होतात. म्हणजे मोठ्या लाईनसाठी बनवलेले तेच रूळ आपल्या अडीच फुटी गाडीला चालतात. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. जगभरातले अरुंद रेल्वेचे शौकीन हीच युक्ती वापरतात.

या हिशेबाने २५ फुटी वाघीण १५९ मिलिमीटर लांब आणि ४४ मिलिमीटर रुंद होते. साडेपाच फुटी माणूस ३५ मिलिमीटरचा. पुठ्ठ्याची ३५ मिलिमीटर उंचीची एक साधी पट्टी कापून ती सतत जवळ ठेवावी. दार बनवले की तिच्याशी ताडून बघायचे. पट्टी दारातून आत जात नसेल तर माणूसही जाणार नाही.

फोटोवरून माप

जुन्या गाडीची मापे सगळी मिळत नाहीत, पण फोटो मिळतात. फोटो समोरून काढलेला असेल, तर त्यात मापपट्टी लपलेलीच असते, ती म्हणजे रूळ. फोटोत डब्याच्या तोंडाखाली रुळांतले अंतर २० मिलिमीटर आणि डब्याची रुंदी ५६ मिलिमीटर भरली, तर ५६ भागिले २० म्हणजे २.८ पट. ७६२ ला २.८ ने गुणले की २१३४ मिलिमीटर, म्हणजे नेमके सात फूट. एवढेच पाहायचे की रूळ आणि डब्याचे तोंड कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असावे, नाहीतर पट चुकते. आमच्या आठवीतल्या मुलीने गुणोत्तर-प्रमाणाचा धडा शाळेत शिकला होता, तो तिला पटला मात्र इथे.

वाघीण: लग्नपत्रिकांची

सामान साधेच. जाड लग्नपत्रिका प्रत्येक घरात पडून असतात. त्याचा पुठ्ठा गुळगुळीत आणि कडक असतो. दोन-तीन थर फेविकॉलने चिकटवून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवले की पातळ फळीसारखा पत्रा तयार होतो. अक्षरे असलेली बाजू आतल्या थरात घ्यावी, आणि ज्या पत्रिकेवर आयत किंवा अल्लाहचे नाव छापलेले असेल ती या कामाला घेऊ नये.

तळ आधी कापावा, मग बाजू. फळ्यांच्या रेघा शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून ओढाव्यात. लोखंडी गाडीवर रिव्हेटांचे ठिपके असतात. ते पुठ्ठा उलटा करून बोथट सुईने एका ओळीत दाबले की पुढच्या बाजूला उठून दिसतात. खाली आलेख कागद ठेवला तर ओळ वाकडी जात नाही. कोपऱ्यांना आतून चौकोनी काडीचा आधार द्यावा. सगळे जुळल्यावर पातळ वॉर्निशचा हात फिरवावा, म्हणजे पावसाळ्यात पुठ्ठा फुगत नाही.

चाके मात्र विकतच घ्यावीत. पुठ्ठ्याचे चाक रुळावर टिकत नाही. तळाच्या बरोबर मध्यभागी लोखंडी वॉशर चिकटवून वजन द्यावे. हलकी गाडी वळणावर उडते, आणि वजन जितके खाली तितकी गाडी स्थिर राहते. एक खूण विसरू नये. मोठ्या लाईनच्या डब्याला टोकाला दोन बफर असतात, आपल्या अरुंद गाडीला मधोमध एकच. जाणकार माणूस पहिल्यांदा तेच बघतो.

इंजिन: जुन्यात नवे

इंजिनाची मोटर आणि चाके घरी बनवणे अवघड. म्हणून जुने, पण चालते खेळण्यातले इंजिन घ्यायचे, वरचे कवच काढायचे आणि खालच्या सांगाड्यावर नवे मोठे कवच चढवायचे. हे जमते ते प्रमाणामुळे. त्या इंजिनाचे साडेबारा मिलिमीटरचे चाक ८७ च्या हिशेबात सुमारे ११०० मिलिमीटरचे, म्हणजे मोठ्या लाईनचे. तेच ४८ च्या हिशेबात ६०० मिलिमीटरचे होते, आणि अरुंद गाडीला अशीच ठेंगणी चाके शोभतात.

बॉयलरला योग्य जाडीची प्लास्टिकची नळी, धुराड्याला पेनाचे टोपण, डोमला गोल बटण. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या टाक्या पुठ्ठ्याच्या. ड्रायव्हरची केबिन शेवटी, ३५ मिलिमीटरची पट्टी आत उभी करून. कवच एका स्क्रूने बसवावे, चिकटवू नये, कारण मोटरला तेल द्यायला ते पुन्हा काढावे लागते. वीज १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधूनच द्यावी, घरातल्या प्लगशी रूळ कधीही थेट जोडू नयेत. कटर आणि सोल्डरची कामे मोठ्यांनी करावीत, खिडकी उघडी ठेवून.

रूळ पसरायला मीटरभर लांब-रुंद फळी पुरते. तयार मिळणाऱ्या ४५७ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणांचे एक वर्तुळ त्यात बसते.

खर्चाचे आणि वेळेचे काय?

आपल्या घरांत हा प्रश्न निघतोच आणि निघायलाही हवा. परदेशी तयार इंजिने हजारो रुपयांना मिळतात. ती आणून कपाटात मांडणे याला फुजूलखर्चीच म्हणावे लागेल. पण आमच्या पहिल्या तीन वाघिणींना चाके सोडून दोनशे रुपयेही लागले नाहीत. दर रविवारी असरनंतर दोन तास, एवढाच वेळ. त्या दोन तासांत मोबाईल दुसऱ्या खोलीत असतात, हे कोणी सांगावे लागत नाही, कारण हात फेविकॉलने भरलेले असतात. शिवाय मुलांना समजते की अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, आणि घाई केली की सांधा सुटतो.

तयार काम पाहायचे असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. सहलीला जाताना मुलांना तिथे जरूर न्यावे.

आठवणीचे माप

सगळ्यात अवघड काम कात्रीचे नसते. प्रवासी डबा बनवायला घेतला तेव्हा बाके कशी होती, हा प्रश्न आला. दादी म्हणाल्या, खिडकीच्या कडेने लांबच लांब, समोरासमोर. शेजारच्या चाचांनी ठामपणे सांगितले, आडवी. दादी त्या गाडीतून नवरी म्हणून आल्या होत्या, चाचा कामाला जात असत. दोघांपैकी कोणालाही खोटे ठरवायला आमच्याकडे पुरावा नाही, आणि डबे वेगवेगळे असण्याचीही शक्यता आहे. पण या एका प्रश्नामुळे दादी दोन तास बोलत राहिल्या. दिवे कसे होते, बुरख्यात कोळशाचा कण कसा अडकला होता, बार्शीला चहा कोण आणून देत असे. लग्नानंतरच्या त्या प्रवासाबद्दल आमच्यापैकी कोणीही त्यांना आजवर विचारले नव्हते.

वाचकांना विनंती एवढीच. घरात बार्शी लाईटमधून प्रवास केलेले किंवा तिच्यावर काम केलेले कोणी असेल, तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. दार आत उघडायचे की बाहेर, पायरी किती उंच होती, टपावर चढायला कुठून जात, हे विचारा. जुन्या फोटोंच्या मागे नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. मग एक वाघीण बनवा, एकच. पुठ्ठा पुन्हा मिळेल, सांगणारी माणसे मिळणार नाहीत.

आमच्या डब्यातली बाके अजून चिकटवलेली नाहीत. आतला एखादा फोटो हाती लागेपर्यंत ती सुटीच ठेवायची, असे ठरले आहे. दादी आल्या की ती लांबीत लावतो, चाचा आले की आडवी.