संघटनात्मक नागरिकत्व वर्तन : आंतरसांस्कृतिक मापन

संघटनात्मक नागरिकत्व वर्तन म्हणजे कर्मचाऱ्याने नेमून दिलेल्या कामापलीकडे जाऊन, स्वेच्छेने आणि थेट मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेले असे वर्तन, की ज्यामुळे एकूण संस्थेचे कामकाज सुकर होते. नवागताला काम शिकवणे किंवा रजेवरील सहकाऱ्याचा भार उचलणे ही त्याची उदाहरणे होत. ही संज्ञा अमेरिकन अभ्यासक डेनिस ऑर्गन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये रूढ केली. ऑर्गन यांचा या विषयावरील ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मापनश्रेणी

१९९० मध्ये फिलिप पॉडसाकॉफ आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली २४ विधानांची श्रेणी सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात परोपकार, कर्तव्यदक्षता, खिलाडूवृत्ती, सौजन्य आणि नागरी सद्गुण ही पाच परिमाणे आहेत. येथे खिलाडूवृत्तीचा अर्थ हारजीत पचवणे असा नसून, किरकोळ गैरसोयींची कुरकुर न करणे असा आहे. मराठी शब्दाने वाचकाचा थोडा गोंधळ होऊ शकतो. अनुवादित श्रेणींत अशा अर्थच्छटा निसटतात. म्हणून विधाने पुन्हा मूळ भाषेत अनुवादित करवून दोन्ही पाठ ताडून पाहण्याची पद्धत आहे.

संस्कृतीनुसार भेद

शब्द अचूक असले तरी मूळ अडचण उरतेच. एका समाजात जी स्वेच्छेची मदत, ती दुसऱ्या समाजात कामाचाच भाग मानली जाते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान आणि हाँगकाँग येथील कर्मचाऱ्यांची तुलना १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. जपान व हाँगकाँगमधील कर्मचारी यांपैकी काही प्रकारचे वर्तन आपल्या कामातच अंतर्भूत धरतात, असे तिच्यात आढळले. अर्थात तेथे मिळालेले उच्च गुण 'अधिक स्वेच्छा' दर्शवतात असे म्हणता येत नाही. ऑर्गन यांनीही १९९७ मध्ये व्याख्या बदलली आणि स्वेच्छा व मोबदल्याचा अभाव या अटींवरील भर काढून, कामाला पोषक सामाजिक व मानसिक वातावरण टिकवण्याला महत्त्व दिले.

त्याच वर्षी फार्ह, अर्ली आणि लिन यांनी तैवानमध्ये तयार केलेली श्रेणी प्रसिद्ध झाली. परकी विधाने अनुवादित करण्याऐवजी त्यांनी स्थानिक उदाहरणांपासून सुरुवात केली. त्यातून परस्परसलोखा राखणे आणि संस्थेची साधनसंपत्ती जपणे ही दोन परिमाणे पुढे आली. अमेरिकन श्रेणीतील खिलाडूवृत्ती व सौजन्य मात्र स्वतंत्रपणे आढळले नाहीत. २००४ च्या चीनमधील अभ्यासात दहा परिमाणे दिसली. कार्यस्थळ स्वच्छ ठेवणे हे त्यांपैकी एक.

गुणांची तुलना

दोन देशांच्या सरासरी गुणांची तुलना करण्यापूर्वी मापनाची समतुल्यता तपासावी लागते. प्रथम परिमाणांची रचना, मग विधानांचे भारांक आणि शेवटी त्यांचे आरंभबिंदू समान आहेत का, हे पाहिले जाते. शेवटच्या पायरीवर श्रेणी टिकली नाही, तर सरासरीतील फरक हा वर्तनातील आहे की उत्तर देण्याच्या सवयीतील, हे ठरवता येत नाही. मूल्यमापन कोणी केले यानेही फरक पडतो. तैवानमधील कर्मचारी स्वतःच्या कामाला वरिष्ठांपेक्षा कमी गुण देतात, असे १९९१ च्या एका अभ्यासात दिसून आले होते.