चालणं घडतं ते वस्तीमुळे

पुण्याच्या नारायण पेठेत राहणारा माणूस "मी काही व्यायाम करत नाही" म्हणतो, तेव्हा दिवसभराचं चालणं त्यानं धरलेलंच नसतं. दूध, भाजी, औषधं, देऊळ सगळं हाकेच्या अंतरावर. गल्लीला गल्ली मिळते, त्यामुळे वळसा पडत नाही. शिवाय गाडी काढली तर लावायची कुठे? हाच माणूस शहराच्या कडेला मोठ्या गृहसंकुलात राहायला गेला, की किराणा दुकान मागच्या भिंतीपलीकडे दिसतं, पण फाटक पुढच्या रस्त्यावर. वळसा घालायचा तर गाडीची किल्लीच हातात येते. माणूस तोच, आळशी झालेला नाही.

'लॅन्सेट'मध्ये 2016 साली आलेल्या एका अभ्यासात 10 देशांतल्या 14 शहरांमधल्या 6,822 प्रौढांची हालचाल यंत्रानं मोजली होती. त्यात भारतातलं शहर नव्हतं. दाट वस्ती, जवळपास सार्वजनिक वाहतुकीचे भरपूर थांबे आणि चालत जाता येतील अशा बागा असल्या, की हालचाल जास्त आढळली. सर्वांत अनुकूल आणि सर्वांत प्रतिकूल वस्तीत आठवड्याला 68 ते 89 मिनिटांचा फरक पडत होता. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल करायला सांगते. म्हणजे जवळपास निम्मा वाटा. चालायची हौस असणारेच अशा वस्तीत घर घेतात का, ही शंका रास्त आहे आणि अशा एकवेळच्या पाहणीतून ती पुरती फिटत नाही. पण थांब्यांचं गणित सरळ आहे: बसनं जाणारा दोन्ही टोकांना चालतोच.

आपल्याकडे खरी अडचण पदपथाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची 150 मिलिमीटरच्या आत. प्रत्यक्षात प्रत्येक इमारतीच्या फाटकाशी पदपथ तुटतो. उतरा, चार पावलं टाका, पुन्हा चढा. पुढे विजेचा डबा, त्याला टेकून लावलेली दुचाकी. गुडघे दुखणाऱ्या आजी दुसऱ्या चढालाच रस्त्यावरून चालू लागतात आणि मागून हॉर्न वाजला, की उद्यापासून बाहेर पडणं कमी करतात. संध्याकाळी दिवा झाडाच्या फांद्यांत झाकला गेला असेल, तर बायका तो रस्ताच टाळतात.

म्हणून नव्या बागेआधी सलग पदपथ मागावा, असं मला वाटतं. आणि संकुलाच्या मागे सार्वजनिक रस्ता असेल, तर त्या भिंतीत पायी जाण्यापुरतं एक लहान दार. रखवालदाराचा खर्च वाढतो ही तक्रार खरी आहे. दार सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळीच उघडलं, तरी किराणा, भाजी आणि बसथांबा पायी गाठता येतो.