पोकळ गोळीची बंदूक

सेफ्टी पिनचे पेटंट १८४९ साली अमेरिकेच्या वॉल्टर हंटने घेतले, हे काही वाचकांना ठाऊक असेल. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने एका पोकळ गोळीचे पेटंट घेतले होते. आम्हाला तिची गोष्ट पिनेपेक्षा अधिक उद्बोधक वाटते.

त्या काळी बहुतेक बंदुका ठासणीच्या होत्या. प्रत्येक बारासाठी दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची. हंटने शिशाची गोळी मागून पोकळ केली आणि दारू त्या पोकळीतच भरली. आता अशा अनेक गोळ्या एका नळीत ओळीने ठेवता येणार होत्या. तिला नाव मिळाले 'रॉकेट बॉल'. हे नाव फसवे आहे. रॉकेटचे इंधन उड्डाणातही जळत असते. येथे दारू बंदुकीच्या नळीतच जळून जाते.

स्मिथ आणि वेसन यांनी या बंदुकीत सुधारणा केली, आणि १८५५ पासून ती 'व्होल्कॅनिक' नावाने निघू लागली. चापाभोवतीचा दांडा बोटांनी खाली ढकलून परत ओढला की नवी गोळी नळीत जाई. मागचा दट्ट्या दोन दुव्यांच्या सांध्याने जागच्या जागी अडके. हात कोपरात वाकवून दार दाबून धरा, मग सरळ ताठ करून धरा. दुसऱ्या वेळी श्रम किती कमी पडतात ते पाहा. तोच हा सांधा.

यंत्र उत्तम होते. घोडे अडले ते गोळीत. तिची ऊर्जा जेमतेम ७५ जूल होती. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगाने टाकला, तर त्याची गतिज ऊर्जा किती, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. उत्तर ७२ जूल येते! (अर्थात गोळी ती सारी ऊर्जा अगदी लहान जागेत ओतते, म्हणून ती निरुपद्रवी नव्हे.) मग दारू का वाढवली नाही? पोकळी मोठी करावी तर शिशाची भिंत पातळ होते आणि गोळीही हलकी होते. शिवाय दट्ट्या आणि नळी यांच्यातल्या फटीतून तप्त वायू मागे निसटत.

कंपनी बुडाली. तिच्या भागधारकांपैकी ऑलिव्हर विंचेस्टर हा शर्टांचा कारखानदार. त्याने १८५७ साली ती मालमत्ता घेऊन नवी कंपनी काढली. तिथे टायलर हेन्रीने दांडा आणि सांधा तसेच ठेवले, पण दारू गोळीबाहेर काढून तांब्याच्या पातळ कवचात भरली. हेन्रीच्या रायफलीचे पेटंट १८६० चे. तिच्या गोळीची ऊर्जा ७०० जूलच्या वर गेली, कारण कवचात कितीतरी अधिक दारू मावते. दुसरा लाभ अधिक सूक्ष्म आहे. बार होताच वायूच्या दाबाने कवच फुगून नळीच्या भिंतीला चिकटते आणि फट आपोआप बुजते. दाब उतरला की ते पुन्हा किंचित सैल होते.

हंटच्या गोळीमागे नळीत काहीच उरत नसे. हेन्रीला मात्र प्रत्येक बारानंतर रिकामे कवच बाहेर ओढण्यासाठी दट्ट्याला आकडा बसवावा लागला.