तांबड्या मातीचे बंदर

शिडाच्या लहानशा नौकेतून सागरपर्यटन करणारी दांपत्ये आता पूर्वीइतकी विरळ राहिलेली नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरून इंडोनेशियाकडे निघालेल्या अशा एखाद्या दांपत्याला टॉरेसची सामुद्रधुनी ओलांडल्यावर कार्पेंटारियाचे आखात आडवे येते. पल्ला सुमारे 350 सागरी मैलांचा, म्हणजे तीन दिवसांचा. आखात उथळ असल्यामुळे आग्नेयेच्या वाऱ्याने लाटा आखूड आणि उभ्या उठतात. आळीपाळीने सुकाणू धरून पतिपत्नी दोघेही थकून जातात. अशा वेळी पश्चिमेला गोव्हचे बंदर दिसावे, हा मोठाच दिलासा होय. नावावरून कोणी त्याचा गोव्याशी संबंध जोडू नये. दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या वायुदलातील एका अधिकाऱ्याचे ते नाव आहे.

येथे गोडे पाणी, इंधन आणि शिधा मिळतो. पोहण्याची चैन मात्र करता येत नाही, कारण पाण्यात मगरींचा वावर असतो. नुलुनबॉय हे गाव बंदरापासून काही मैल दूर आहे. तेथून सडकेने बाहेर पडावयाचे तर सुमारे 700 किलोमीटरचा, बहुतांशी कच्चा रस्ता. पावसाळ्यात तोही बंद पडतो. इतक्या एकाकी जागी शाळा, इस्पितळ आणि विमानतळ असलेले गाव वसावे कशासाठी? धक्क्याकडे पाहताच उत्तर मिळते. खाणीपासून येथवर आलेला मैलोगणती लांबीचा फिरता पट्टा तांबडी खडी आणून टाकीत असतो. हे बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज. उष्ण प्रदेशातील मुसळधार पाऊस लक्षावधी वर्षे खडकातील सिलिका धुऊन नेतो आणि ॲल्युमिनियम व लोह मागे उरते. आपल्या कोकणातील जांभा दगड याच क्रियेतून घडला आहे. तेव्हा कोकणी माणसाला ही माती परकी वाटू नये.

परंतु ही माती कोणाची? हा प्रश्न येथे फार गंभीरपणे विचारला गेला आहे. येथील योलंगू लोक हजारो वर्षांचे रहिवासी. सेलेबिस बेटावरील मकासरचे कोळी समुद्रकाकडीसाठी दरसाल वायव्येच्या वाऱ्याबरोबर येथे येत आणि आग्नेयेच्या वाऱ्यावर परत जात. हा व्यवहार 1907 पर्यंत चालला. त्यांच्याकडूनच पैशाला ‘रुपिया’ म्हणण्याचा प्रघात योलंगू भाषेत रुजला. आपला रुपया असा किती दूर पोहोचला पाहा! हे पाहुणे येत आणि जात. जमीन कोणी मागितली नाही. ती मागितली खाणीने.

1963 साली योलंगूंनी झाडाच्या सालीवर परंपरागत चित्रे रंगवून, त्यांच्या मध्यभागी टंकलिखित अर्ज डकवून, ऑस्ट्रेलियाच्या संसदेकडे दाद मागितली. चौकशी समिती नेमली गेली, पण खाण थांबली नाही. पुढे ते न्यायालयात गेले आणि 1971 साली हरले. योलंगूंना स्वतःची सुव्यवस्थित कायदापद्धती आहे हे न्यायमूर्तींनी मान्य केले. जमिनीवरील मालकी मात्र मान्य केली नाही. या पराभवातूनच 1976 चा भूमिहक्क कायदा उभा राहिला, आणि 2025 साली सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने भरपाईच्या प्रश्नावर त्यांच्या बाजूने कौल दिला. त्या जुन्या खटल्यात दुभाष्याचे काम करणारे गलारवुय युनुपिंगू यांनीच हा नवा दावा लावला होता. निकालापूर्वी दोन वर्षे, 2023 साली, ते निवर्तले.

मधल्या काळात गावाने मोठा आघात सोसला. बंदरावरील ॲल्युमिना कारखाना 2014 साली बंद पडला आणि अनेक कुटुंबे निघून गेली. खाणकामही या दशकाच्या अखेरीस आटोपेल असा अंदाज आहे. मग पाणी, दिवे, दुकाने चालविणार कोण, याची चिंता येथे नांगर टाकणाऱ्या खलाशालाही असते, कारण आसपासच्या शेकडो मैलांत अशी दुसरी सोय नाही.

दांपत्याला आता पुढचा वारा गाठावयाचा असतो. किनाऱ्यावर हिंडावयाचे झाल्यास योलंगूंचा परवाना घ्यावा लागतो. तो बहुतेक जण आनंदाने घेतात. मग शिडे चढतात. पुढे वेसल बेटांच्या रांगेत एक अत्यंत अरुंद खिंड आहे. तेथील प्रवाह इतका वेगवान की भरतीओहोटीची वेळ मिनिटांत मोजूनच नौका आत घालावी लागते.