दऱ्या आणि दर्या

सह्याद्रीच्या दऱ्या आणि कोकणचा दर्या छापताना फरक असतो तो एका चिमुकल्या चंद्रकोरीचा. आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाकी येतात, आचार्यांना बोलावलं तर गुरुजी. ‘दर्या’त र हा रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो; ‘दऱ्या’त तो वाकडी रेघ होऊन य च्या डाव्या अंगाला बसतो. हिंदीचं त्याच्यावाचून काही अडत नाही. मराठीचं मात्र पानोपानी अडतं: वाऱ्यावर, दुसऱ्या, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, कऱ्हाड.

एवढ्या गरजेच्या अक्षराला इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वतःची कळ नाही. ते घडवावं लागतं. शिफ्ट धरून जे दाबलं की खाली टिंब असलेला ऱ उमटतो, डी दाबून त्याचा पाय मोडायचा, मग य. हा टिंबाचा ऱ खरं तर द्राविडी भाषांतला एक वेगळा र देवनागरीत दाखवण्यासाठीचा. त्याचा पाय मोडला की मराठीचा अर्धा र समजावा, असं १९९१च्या इस्की या भारतीय मानकात ठरलं आणि युनिकोडने ते स्वीकारलं. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते. नवं चिन्ह न वाढवता मराठीची सोय झाली.

पण युनिकोडमध्ये दुसरी वाटही चालते. साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’ हुबेहूब सारख्या दिसतात, संगणकाच्या पोटात मात्र वेगळ्या असतात. अक्षराला अक्षर लावून पाहणाऱ्या साध्या शोधात एका पद्धतीने ‘कऱ्हेचे पाणी’ टंकलं आणि ग्रंथालयाच्या यादीत नोंद दुसऱ्या पद्धतीची असली, तर अत्र्यांचं आत्मचरित्र तिथे नाहीच असं उत्तर येतं. त्याहून वाईट म्हणजे, मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना काही ठिकाणी अदृश्य चिन्हं गाळली जातात. मग दऱ्यांचा दर्या होतो, आणि चूक लिहिणाऱ्याच्या माथी बसते.

ज्यांना यातली एकही वाट सापडली नाही, त्यांनी मध्ये आडवी रेघ घातली. ‘दुस-या’, ‘वा-यावर’ अशी रूपं संगणकावरच्या जुन्या मराठी मजकुरात अजूनही भेटतात. वाचणारा समजून घेतो. शोधयंत्राला तो शब्द तुटलेलाच दिसतो.

‘ॲ’चंही असंच झालं. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८मध्ये. तोवर लोक अ वर चंद्र चढवून काम भागवत होते, आणि ती सवय पुरती गेलेली नाही.

म्हणून टंकलेखनाच्या वर्गात वेगाच्याही आधी टिंबाचा ऱ शिकवला पाहिजे. जुन्या फायली दुरुस्त करणंही अवघड नाही. र, हलन्त आणि अदृश्य चिन्ह ही तिकडी शोधून तिच्या जागी ऱ आणि हलन्त घालण्याची आज्ञा द्यायची. आडव्या रेघेचे शब्द मात्र एकेक तपासावे लागतात, कारण काही रेघा खऱ्याही असतात.